मागणीची रेषा कुणी पाहिली?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक आकृती जन्मभराची येते. उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नगसंख्या, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेषा. तिच्या आधी तक्ता असतो. किंमत ५ असताना मागणी १०, ४ असताना २०, ३ असताना ३०. आकडे इतके गुणी की शंका यावी. ठिपके मांडायचे, जोडायचे, खाली ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असं लिहायचं आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचं. पण वर्गात एखादा तरी निघतोच जो विचारतो, हे आकडे मोजले कुणी?

कुणीच नाही. मोजता येणं शक्यच नव्हतं. मागणीची रेषा सांगते की याच क्षणी, हीच माणसं, हेच उत्पन्न, हीच आवडनिवड असताना वेगवेगळ्या किमतींना किती खप झाला असता. पण एका क्षणी बाजारात एकच किंमत असते. म्हणजे त्या सबंध रेषेतला फक्त एक ठिपका डोळ्यांना दिसतो. बाकीची रेषा ‘असता-असती’ची. ऑगस्तँ कुर्नो यांनी १८३८ मध्ये ती कागदावर आणली, आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये तिला आज आपण ओळखतो ते रूप दिलं. (किंमत उभ्या अक्षावर टाकण्याचा मार्शल यांचा हट्ट गणिताच्या विद्यार्थ्यांना आजही खटकतो, आणि त्यांचं बरोबर आहे.) तेव्हापासून आपण सगळे या रेषेबद्दल अशा खात्रीने बोलत आलो आहोत, जणू ती कुठेतरी टांगून ठेवली आहे.

जुन्या नोंदी चाळून ती सापडेल असं वाटतं, पण तिथेही फसगत आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत विमानाची तिकिटं महाग असतात आणि विमानं खच्चून भरलेली असतात. नुसते आकडे पाहिले तर कुणी छातीठोक म्हणेल, भाव वाढला की मागणी वाढते. खरं तर भावही हलला आणि रेषाही हलली, आणि आपण दोन वेगळ्या रेषांवरचे दोन ठिपके जोडून तिसरीच रेषा काढली. एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये हा घोळ नीट मांडला. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांनी तेलांवरच्या आयातशुल्काच्या एका रुक्ष पुस्तकाच्या परिशिष्टात त्यावर तोड सुचवली. फक्त पुरवठ्याला धक्का देणारी आणि मागणीला अजिबात न शिवणारी गोष्ट शोधा. उदाहरणार्थ, पीक बुडवणारं हवामान. मग पुरवठा हलेल, मागणी जागच्या जागी राहील, आणि तिचे एकाहून अधिक ठिपके हाती लागतील. कल्पना अफलातून होती. तिच्या जिवावर पुढे अर्थमितीची, म्हणजे आकडेवारीतून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्राची, एक अख्खी शाखा उभी राहिली. तरीही हाती येत ते दोन-चार ठिपके, आणि तेही चाचपडत.

डिजिटल बाजारांबद्दल हल्ली ‘जुनं अर्थशास्त्र मोडीत निघालं’ अशा थाटात लिहिलं जातं. मला ते पटत नाही. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं जवळपास सगळं तिथे लागू पडतं, काही बाबतीत तर जास्तच चोख. बदललं आहे ते वेगळंच. पुस्तकातल्या बाजारात रेषा विक्रेत्यालाही दिसत नव्हती आणि ग्राहकालाही नाही. दोघंही अंदाजाने चालत. आता ती एका बाजूला, म्हणजे विक्रेत्याला, दिसू लागली आहे.

हे किती शब्दशः खरं आहे याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण २०१६ सालचं आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत उबरचे स्वतःचे अर्थतज्ज्ञही होते, अमेरिकेतल्या चार शहरांतल्या प्रवाशांच्या सुमारे ५ कोटी नोंदी तपासल्या. गर्दीच्या वेळी उबर मूळ भाड्याला एका आकड्याने गुणत असे. आत संगणक तो आकडा बऱ्याच दशांश स्थळांपर्यंत काढी, पण प्रवाशाला दाखवताना तो एका स्थळापर्यंत आणला जाई. समजा आतला आकडा १.२४९ आला, तर पडद्यावर १.२ दिसणार. १.२५१ आला, तर १.३. आता या दोन प्रवाशांकडे बघा. दोघांच्याही आसपास पाऊस सारखाच, गर्दी सारखीच, मोकळ्या गाड्याही जवळपास तितक्याच. फरक फक्त एवढा, की सुटसुटीत आकडा दाखवण्याच्या सोयीपोटी एकाला भाडं जास्त सांगितलं गेलं. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे वाक्य आम्ही फळ्यावर शंभर वेळा लिहितो. इथे ते प्रत्यक्षात उतरलं होतं, तेही कुणी मुद्दाम प्रयोग न मांडता.

आणि यातली खरी मेख वेगळीच आहे. साध्या दुकानदाराला कळतं ते कुणी घेतलं एवढंच. भाव ऐकून मनातल्या मनात ‘नको’ म्हणून पुढे गेलेला माणूस त्याच्या वहीत कुठेच नसतो. ॲपमध्ये तो असतो. तुम्ही ॲप उघडलंत, भाडं पाहिलंत आणि बंद केलंत, हीसुद्धा नोंद असते. मागणीच्या रेषेला नेमकी हीच माहिती लागते. घेतलेल्यांइतकीच न घेतलेल्यांची. अशा ठिकाणोठिकाणच्या उड्या एकत्र करून त्या मंडळींनी रेषेचा बराच मोठा तुकडा काढला, आणि तिच्याखालचं क्षेत्रफळही मोजलं. निष्कर्ष असा, की २०१५ मध्ये उबर-एक्सवर, म्हणजे उबरच्या साध्या सेवेवर, खर्च केलेल्या दर डॉलरमागे प्रवाशांच्या पदरात आणखी सुमारे १.६० डॉलरचं संतोषाधिक्य पडलं. सबंध अमेरिकेसाठी हा अंदाज वर्षाला ६.८ अब्ज डॉलर.

संतोषाधिक्य म्हणजे जेवढे द्यायची तयारी होती त्यातून जेवढे द्यावे लागले ते वजा केल्यावर उरतं ते. ही कल्पना ज्यूल द्युप्वी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची, १८४४ सालची. पूल, रस्ते, कालवे बांधणाऱ्या या माणसाला प्रश्न पडला होता, की पुलाचा लोकांना झालेला फायदा मोजायचा कसा? जमलेल्या टोलवरून तो कळत नाही. ज्याला पूल ओलांडायची फार निकड आहे त्यानेही टोल तेवढाच भरलेला असतो. आकृतीत हे आधिक्य म्हणजे रेषेच्या खाली आणि किमतीच्या वर उरणारा त्रिकोण. वर्गात तो रंगवताना मी नेहमी सांगत आलो, की हा ग्राहकाचा न दिसणारा नफा आहे. अलीकडे त्याला एक वाक्य जोडावं लागतं. न दिसणारा होता म्हणूनच तो ग्राहकाकडे राहत होता.

कारण ज्याला रेषा दिसते त्याला त्रिकोणही दिसतो. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मूल्यभेदाच्या, म्हणजे एकच वस्तू वेगवेगळ्या किमतींना विकण्याच्या, तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर विक्रेता प्रत्येक ग्राहकाकडून त्याची कमाल तयारी असेल तेवढीच किंमत घेतो, आणि सगळा त्रिकोण त्याच्या खिशात जातो. पाठ्यपुस्तकं ही पायरी एका परिच्छेदात उरकतात आणि वर म्हणतात की हे प्रत्यक्षात शक्य नाही, इतकी माहिती कुणाकडे असणार? विद्यार्थी हे वाचतात आणि खिशातल्या फोनकडे बघतात.

तरी घाई करून ‘प्रत्येकाला वेगळी किंमत’ असं सरसकट म्हणू नये. ते उघडपणे करायला कंपन्या कचरतात, आणि त्यालाही इतिहास आहे. सप्टेंबर २००० मध्ये ॲमेझॉनवर एकच डीव्हीडी वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या किमतीला दिसत असल्याचं ग्राहकांनीच एकमेकांशी बोलून शोधून काढलं. गदारोळ झाला. कंपनीने सांगितलं, की कोण ग्राहक आहे हे पाहून किंमत ठरवली नव्हती, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या किमती वाटून आम्ही चाचणी घेत होतो. ६,८९६ ग्राहकांना सरासरी ३.१० डॉलर परत केले गेले. मला या खुलाशात फार गंमत वाटते. लोक शांत व्हावेत म्हणून दिलेलं ते उत्तर होतं, पण चिठ्ठ्या टाकून किमती वाटणं हीच मागणीची रेषा काढायची सगळ्यात शुद्ध रीत आहे. ग्राहक चिडले ते भेदभावाच्या संशयाने. आपला आलेख काढला जातोय, यावर फारसं कुणी चिडलं नाही.

मग कंपन्या करतात काय? द्युप्वी यांनीच १८४९ मध्ये सांगून ठेवलेलं. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेडब्यांना छप्पर नसे. द्युप्वी म्हणतात, छपराच्या खर्चासाठी काही कंपनी हे करत नाही, आणि गरिबांना छळायची तिला हौसही नाही. दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, एवढाच हेतू. माणसं आपापली पायरी आपणच निवडतात, विक्रेत्याने फक्त खालची पायरी पुरेशी गैरसोयीची करून ठेवायची.

याचा कळस म्हणजे आयबीएमचा एक लेझर प्रिंटर. १९९० च्या सुमाराला कंपनीने मिनिटाला १० पानं छापणाऱ्या प्रिंटरची स्वस्त आवृत्ती काढली, ती मिनिटाला ५ पानं छापायची. यंत्र तेच. स्वस्त प्रिंटरमध्ये जास्तीची चिप बसवलेली, आणि त्या चिपचं काम एकच, मध्येमध्ये थांबवणं. म्हणजे कमी दराने विकलेली वस्तू बनवायला जास्त खर्च येत होता! डेनेकेअर आणि मॅकॅफी यांनी १९९६ मध्ये अशा उदाहरणांचा अभ्यास केला. त्यांच्या म्हणण्यातला पेच असा, की मुद्दाम बिघडवलेली वस्तू बाजारात आणल्याने कधीकधी सगळ्यांचंच भलं होऊ शकतं, कारण ज्यांना महाग प्रिंटर परवडत नव्हता त्यांना निदान संथ तरी मिळाला. विद्यार्थ्यांना हे पटवायला जड जातं. मलाही ते पचायला वेळ लागतो, गणित बरोबर असूनही. आयबीएमला वस्तू बिघडवायला निदान एक चिप लागायची. सॉफ्टवेअरमध्ये तोही खर्च नाही. गाण्यांच्या मध्ये जाहिरात, व्हिडिओची उतरवलेली गुणवत्ता, साठवणुकीची मर्यादा, एका कळीने चालू आणि एका कळीने बंद.

‘फुकट’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बरंचसं उगाच गूढ केलेलं आहे. पुस्तक म्हणतं, स्पर्धा किंमतीला सीमांत खर्चापर्यंत, म्हणजे आणखी एक नग बनवायच्या खर्चापर्यंत, खाली ओढते. जोसेफ बर्त्राँ यांनी १८८३ मध्ये दाखवलं की एकसारखा माल विकणारे दोनच विक्रेते असले तरी एवढं पुरतं. फाइलची आणखी एक प्रत काढायचा खर्च जवळजवळ शून्य, म्हणून किंमत शून्याकडे. यात नवल नाही, हे पहिल्या वर्षाचं गणित आहे. प्रश्न उरतो पहिली प्रत बनवायच्या प्रचंड खर्चाचा. तो कुणाकडून वसूल करायचा, याचं उत्तर ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल यांनी २००३ मध्ये नीट मांडलं. ज्या बाजाराला दोन बाजू आहेत तिथे एकूण किंमत किती यापेक्षा ती दोन बाजूंत कशी वाटली हे महत्त्वाचं ठरतं. जी बाजू दरवाढीने पटकन पळेल, आणि जिच्या असण्याने दुसरी बाजू येते, तिला सवलत. दुसरीकडून वसुली. एका बाजूला वाचक, दुसऱ्या बाजूला जाहिरातदार, वर्तमानपत्रं हे पिढ्यान् पिढ्या करत आली होती.

मला रस आहे तो वसुलीच्या पद्धतीत. कारण जाहिरातदारांची रेषासुद्धा प्लॅटफॉर्मला दिसते, आणि ती त्यांच्याच तोंडून वदवून घेतली जाते. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये बंद पाकिटांच्या लिलावाबद्दल एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. सगळ्यात मोठ्या बोलीला वस्तू द्या, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके घ्या. मग खोटं बोलून कुणाचाच फायदा नाही. बोली कमी केली तर वस्तू हातची जायची भीती, वाढवली तर तोट्यात पडायची. प्रत्येकजण आपल्या मनातला खरा आकडा निमूट लिहून देतो. (विक्री यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं, आणि तीनच दिवसांनी ते गेले.) १९९८ मध्ये गो-टू या शोधसेवेने शोधशब्दांचा लिलाव सुरू केला तेव्हा प्रत्येकाला स्वतःच्या बोलीइतकेच पैसे द्यावे लागत. परिणामी दोन स्पर्धक एकेका सेंटने एकमेकांवर चढत जायचे, मग एकजण कंटाळून एकदम तळाशी उडी मारायचा, दुसरा लगोलग त्याच्या मागे, आणि पुन्हा चढण सुरू. बोलींचे आलेख करवतीच्या दात्यांसारखे दिसतात. गूगलने २००२ मध्ये दुसऱ्या बोलीचा नियम आणला आणि खेळ बराच स्थिरावला. तो हुबेहूब विक्री यांचा लिलाव नाही, जाहिरातीच्या अनेक जागा एकदम विकताना खरं बोलणं अगदी सर्वोत्तम राहत नाही, पण जवळपास जातं. त्याच वर्षी हाल व्हेरियन गूगलसाठी काम करू लागले. त्यांच्याच पाठ्यपुस्तकांवर जगभरच्या विद्यार्थ्यांनी सूक्ष्म अर्थशास्त्राची परीक्षा दिली आहे. फळ्यावरची रेषा कुठे गेली, असं कुणी विचारलं तर मी हा दाखला देतो.

सगळ्याच यंत्रांना रेषा दिसते असंही नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनवर माश्यांच्या वाढीविषयीच्या जीवशास्त्राच्या एका पुस्तकाची किंमत २,३६,९८,६५५.९३ डॉलरवर पोचली होती. टपालखर्च ३.९९ वेगळा. मायकेल आयझेन या जीवशास्त्रज्ञाने याचा छडा लावला. दोन विक्रेते, दोघांचेही भाव आपोआप ठरणारे. पहिल्याचा नियम, समोरच्याच्या किमतीला ०.९९८३ ने गुणा, म्हणजे किंचित स्वस्त. दुसऱ्याचा नियम, समोरच्याच्या किमतीला १.२७०५८९ ने गुणा. त्याच्याकडे बहुधा पुस्तक नव्हतंच, ऑर्डर आली तर पहिल्याकडून घेऊन पाठवायचा बेत असावा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार एकाहून मोठा, म्हणून प्रत्येक फेरीत किंमत सुमारे २७ टक्क्यांनी वर. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं, ग्राहकाकडे कुणीच पाहिलं नाही. पुरवठा-मागणीच्या प्रकरणात मागणी काढून टाकली तर काय उरतं, हे मी आता याच उदाहरणाने शिकवतो. वर्ग हसतो, आणि लक्षातही राहतं.

प्लॅटफॉर्मला आपली रेषा दिसते, तर आपल्याला स्वतःची दिसते का? एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लोकांना विचारलं, की अमुक सेवा वर्षभर सोडायची तर किती पैसे घ्याल? २०१७ च्या उत्तरांचा मध्यक असा होता: शोधसेवेसाठी १७,५३० डॉलर, ईमेलसाठी ८,४१४, समाजमाध्यमांसाठी ३२२. ज्यांची किंमत शून्य, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नात ज्यांची नोंद जवळपास नाही, त्यांच्या त्रिकोणाचा हा आकार. आकडे पाहून डोळे विस्फारतात. मला मात्र शेवटचा आकडा जास्त अस्वस्थ करतो, आणि तो लहान आहे म्हणून नाही.

पाठ्यपुस्तकातल्या रेषेमागे एक गृहीत दडलेलं असतं. मला वस्तूची किती गरज आहे हे माझ्यावर अवलंबून, शेजाऱ्याने ती घेतली की नाही यावर नाही. टेलिफोनच्या बाबतीत हे गृहीत ढासळतं, हे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या जेफ्री रोल्फ्स यांनी १९७४ मध्ये मांडलं. दुसऱ्या कुणाकडे फोन नसेल तर माझ्या फोनची किंमत शून्य. सगळ्यांकडे असेल तर तो सोडवत नाही. अशा बाजारात एकाच किमतीला दोन समतोल असू शकतात, एक जवळजवळ रिकामा आणि एक गच्च भरलेला, आणि आपण कुठल्या समतोलात येऊन पडलो हे आपल्या आवडीवर ठरत नाही.

लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये यातला पेच थेट मोजला. हजाराहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, बाकीचे वापरत असताना एकट्याने चार आठवडे खातं बंद ठेवायचे किती घ्याल? टिकटॉकसाठी सरासरी ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे, धन आकडा, धन त्रिकोण. मग प्रश्न बदलला. तुमच्यासकट सगळ्यांचीच खाती बंद होणार असतील तर? आता त्याच विद्यार्थ्यांची सरासरी उलटी फिरली. सगळ्यांचं बंद व्हावं म्हणून उलट स्वतःच टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर मोजायची तयारी निघाली. वस्तू तीच, माणसं तीच. फक्त ‘इतर परिस्थिती कायम’ ठेवली नाही.

वर्गात या आकड्यांवर येऊन मी थांबतो, कारण यापुढे फळ्यावर काय काढायचं हे ठरत नाही. ५९ डॉलरच्या बाजूची रेषा ॲपला नीट दिसते, कोण किती वेळ थांबला, कोण परत आला, यातून ती रोज उमटत असते. पण २८ डॉलर देऊन सगळ्यांसकट बाहेर पडायला तयार असणाऱ्याची मागणी तिथे कशी नोंदवली जाणार? तो तर रोज ॲप उघडतो. आणि त्याला जे हवं आहे ते एकट्याला विकत घेता येईल असा बाजार अजून कुणी उघडलेला नाही.